अर्धी गोळी

गोळीचे दोन तुकडे कधीच सारखे होत नाहीत. ब्लेड बरोबर मधल्या रेघेवर टेकवलं होतं, तरी एक तुकडा मोठा झाला, दुसऱ्याची कड चुरून ओट्यावर भुकटी सांडली — ती बोटाने टिपून त्याने जिभेवर घेतली. कडू. मोठा घ्यावा की लहान... बंद दाराआडचं भांडण ऐकावं तसा तो छातीतला कानोसा घेत उभा राहिला.

"अर्धीच?" बायकोने मागून विचारलं.

"उरलेली दुपारी घेतो."

डबा देताना तिने त्याचं मनगट जरा जास्त वेळ धरून ठेवलं. ती नाडी बघतेय हे दोघांनाही कळत होतं. हॉस्पिटलला संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचंय, एवढंच ती म्हणाली.

दोन आजार, आणि दोन्ही एकाच हृदयात. डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं होतं. कधी ते उधळतं, कधी मध्येच थांबून राहतं. उधळण्यावर गोळी आहे, पण तीच गोळी थांबणं वाढवते. म्हणून आधी पेसमेकर बसवायचा. तो हृदयाला थांबू देणार नाही, मग गोळी पूर्ण देता येईल. त्याला पटलं होतं. मग त्यांनी काम विचारलं, आणि वेल्डिंग म्हटल्यावर त्यांचं पेन थांबलं. करंट, यंत्रात होणारा गोंधळ, ठिणगीपासूनचं अंतर — बरंच बोलल्या त्या. सार एवढंच, की यंत्र बसलं की हातात वेल्डिंगच्या रॉडचा होल्डर धरायचा नाही. बसेपर्यंतही नाही, चक्कर आली तर? तो 'बरं' म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेला.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. म्हणून ही अर्धी गोळी, त्याच्याच डोक्यातून निघालेली. अर्ध्याने फार उधळणार नाही, फार थांबणारही नाही... आता दोन्ही होत होतं.

वर्कशॉपमध्ये टाकीचा उभा सांधा त्याचीच वाट बघत होता. शेजारच्या पडद्याआड मेव्हणा काम करत होता. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. मागे एकदा मास्कच्या आत सगळं काळं झालं होतं. शुद्ध आली तेव्हा कपाळ टाकीला टेकलेलं, रॉड लोखंडाला चिकटून लाल झालेला, आणि पाठीवर मेव्हण्याची थाप — दाजी, डुलकी काय? आम्हालाही एक असा मास्क आणून द्या. तोही हसला. काय करणार? मास्कच्या आत माणूस हसतो की मरतो, बाहेरून दिसत नाही. इतकी वर्षं हेच तर आवडत आलं होतं, ती काच खाली आली की जग बंद, समोर फक्त वितळत्या धातूचं एवढंसं तळं, आणि आवाज. सांधा नीट बसत असला की एकसारखा चरचरतो. डोळे मिटूनही कळतं.

त्याने ठिणगी पाडली. वीतभर सांधा पुढे सरकला असेल, आणि छातीत ते उधळलं — हाताच्याही पुढे, आवाजाच्याही पुढे. त्याने रॉड उचलला, मास्क वर केला. मेव्हण्याला हाक मारून म्हणाला, एवढा सांधा तू पुरा कर.

"तुमचं काम, माझ्या हाताने?" मेव्हणा हसत आला. मग चेहरा बघून थांबला. "दाजी, घाम कसला?"

"उकडतंय. कर तू."

तो पडद्याबाहेर आला. किती अंतर म्हणाल्या होत्या बाई? एक पाऊल मागे, आणखी एक, पाठ भिंतीला लागेपर्यंत. इथून चांगला सांधा कुठला, वाईट कुठला, काहीच कळत नव्हतं. नुसती चरचर, कुणाच्याही हातची. खिशात कागदात गुंडाळलेला दुसरा तुकडा बोटांना लागला. तो कधीच चुरून गेला होता.

मेव्हण्याचा रॉड संपला असावा. चरचर थांबली. आणि त्याच वेळी आतली धावपळही पटकन गप्प झाली — ठोका नाही... नाही अजून... भिंत पाठीमागून सरकतेय... वर्कशॉप एवढं शांत कधी नव्हतं. त्याने होल्डरसाठी हात पुढे केला नाही. तो फक्त वाट बघत राहिला, आणि पहिल्यांदाच त्याला वाटलं, कुणीतरी सुरू करून द्यावं.