चादरीचं दुसरं टोक

पाळकसाहेबांनी घसा खाकरला, तशी बाईंनी चादरीची दोन टोकं त्यांच्या हातात कोंबली.

"खाकरलात की तुमचं प्रवचन सुरू होतं. आधी घडी घाला."

पाळकसाहेब मुकाट्यानं मागं सरकले. अठ्ठावन्नाव्या वर्षी दवाखान्याच्या लाँड्रीत चादरी झटकायची वेळ आपल्यावर येईल, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. पण करतात काय? रविवारी चर्चमध्ये नऊ डोकी उरली होती, आणि त्यातल्या दोघांना ऐकू येत नव्हतं. लाँड्रीतल्या बायकांना रविवारची सुटी नसते. मग मंडळीच, म्हणजे उपासनेचा मेळावाच, त्यांच्याकडे न्यायचा ठरला, दर मंगळवारी, पाळी बदलताना मिळणाऱ्या अर्ध्या तासात.

असं करायला पाळकांना शिकवणं हेच बाईंचं काम. तीस वर्षं टायपिंग शिकवून निवृत्त झाल्या, पण चूक दिसली की टोकायची खोड काही गेली नाही. आजवर चार पाळकांना त्यांनी चर्चच्या भिंतींबाहेर काढलं होतं. एकाची मंडळी बेकरीत भरत होती, एकाची सायकलच्या दुकानात. हे पाचवे मात्र भलतेच चिवट निघाले. दुसऱ्याच आठवड्यात स्वारी हातगाडीवर चर्चचं लाकडी व्यासपीठ घालून हजर! बायकांना वाटलं, दवाखान्यानं साबण ठेवायला मांडणी पाठवली. पाळकसाहेब गाडी परत करून येईपर्यंत त्यावर साबणाची खोकी रचून झाली होती. ती बाईंनी उतरवू दिली नाहीत.

चादरींची युक्तीही बाईंचीच, आणि ती फुकट मिळाली नव्हती. त्यांचा नवराही पाळक होता. बोलणं कसं, ऐकत राहावं असं. तरी बाकं रिकामी होत गेली. शेवटी शेवटी बाई पहिल्या बाकावर जवळपास एकट्याच असायच्या आणि घरी आल्यावर 'छान झालं' म्हणायच्या. तो माणूस दुसऱ्याचं ऐकायचा फक्त शनिवारी, दोघं मिळून धुतलेल्या चादरींच्या घड्या घालताना. हात गुंतले की त्याचं तोंड थांबायचं. हे बाईंना तेव्हा दिसत होतं, आणि तरी त्यांनी त्याला कधी सांगितलं नाही. खंगत खंगत तो गेला. ते 'छान झालं' बाईंना आजही जाळत होतं. आणखी एका पाळकाचं तसं होऊ द्यायचं नाही, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

आज परीक्षा होती. चर्चच्या समितीनं दिलेले तीन महिने संपले होते. समितीचे चिटणीस स्वतः बघायला येणार होते, आणि त्यांना पटलं नाही तर मंगळवार बंद.

चिटणीस आले, आणि पहिली नजर पडली ती साबणाखालच्या व्यासपीठावर.

"बाई, हे काय मांडलंय? यात उपासना कुठंय?"

"धरा," बाई म्हणाल्या आणि एका चादरीची टोकं त्यांच्यापुढं केली. दुसरीकडून एका म्हातारीनं ओढही दिली. समोर बाईमाणूस चादर ताणून उभं असताना हात सोडायचा कसा? चिटणीसांनी धरली.

पाळकसाहेबांच्या समोर मुकादमीण होती. तीन महिन्यांत ती चादरीपलीकडचं कधी बोलली नव्हती. आज घडी जुळवायला जवळ आली आणि टोकं तशीच धरून थांबली.

"गेल्या महिन्यात आईला पोचवून आले, साहेब. तिसऱ्या दिवशी कामावर. कुणी विचारलंसुद्धा नाही."

पाळकसाहेबांचा कंठ हलला. अशा वेळी म्हणायची पंधरा वचनं त्यांना तोंडपाठ होती, बाईंना ठाऊक होतं. घसा खाकरला की संपलं.

पाळकसाहेबांनी आवंढा गिळला.

"आईचं नाव काय होतं?" त्यांनी विचारलं.

मुकादमिणीनं नाव सांगितलं. मग आई कशी होती ते सांगितलं, आणि सांगता सांगता रडली. कुणीतरी मशीन बंद केलं. आजूबाजूच्या बायका हातातल्या चादरींसकट जवळ आल्या. पाळकसाहेबांनी त्या आईचं नाव घेऊन चार वाक्यांची प्रार्थना केली, त्यांच्या उभ्या हयातीतली सगळ्यात आखूड. चिटणीसांनी मान खाली घातली होती, पण चादर सोडली नव्हती.

नव्या पाळीची घंटा झाली तरी कुणी हललं नाही. जरा वेळानं चिटणीस हळूच म्हणाले, "पुढच्या मंगळवारी किती वाजता?"

"आजच्याच वेळेला," पाळकसाहेब म्हणाले. बाईंकडे त्यांनी पाहिलंही नाही. पाहायची गरजच उरली नव्हती.

पुन्हा हात चालू लागले. सगळ्यांच्या जोड्या लागल्या होत्या. ढिगात एक चादर राहिली, तिच्या दुसऱ्या टोकाला माणूस नव्हतं. बाईंनी ती मधोमध हनुवटीखाली धरली, दोन्ही हात लांब केले आणि नवरा गेल्यापासून घरी घालत आल्या होत्या तशी एकटीनं घडी घातली. कडा काटेकोर जुळल्या. घडी त्यांनी इतरांच्या घड्यांवर ठेवली, हातानं एकदा सारखी केली आणि पिशवी उचलली.