थांबण्याची खूण

“माझ्यावर हात उगारला हिने! माझ्यावर!” थोरला भाऊ गरजला. फरशीवर सांडलेल्या दुधाचा ओघळ पसरला होता, आणि ओघळापलीकडे सहा वर्षांची बिट्टी उजवा तळवा त्याच्यासमोर धरून ताठ उभी होती.

तिचा बाप, म्हणजे धाकटा भाऊ, नुकताच कामावरून परतला होता. केसांतला भुसाही अजून झटकायचा होता.

“दादा, हात नाही उगारला तिनं. ‘थांबा’ म्हणतेय ती.”

“का? तोंड शिवलंय का तिचं?”

वस्तुतः राग आला किंवा भय वाटले की बिट्टीचे तोंड शिवल्यासारखेच होई. शब्द घशात अडकत आणि दात पुढे सरसावत. शेजारच्या मुलाच्या दंडावर त्या दातांची नक्षी उमटली, तेव्हा बापाने तिला आपल्या लाकूड कापण्याच्या गिरणीतली खूण शिकवली. तेथे करवतीच्या कर्कश आवाजात कानांचा काडीचा उपयोग नसतो. सारा व्यवहार हातांचा. तळवा वर झाला की करवत बंद. मग तो मालकाचा असो की झाडूवाल्याचा. कारण मागाहून विचारायचे. हाच नियम त्याने आपल्या खोलीत आणला. तळवा वर गेला की सगळे गप्प, आणि श्वास जागेवर आला की मनातले बोलायचे. बिट्टीचे चावणे सुटले. तथापि ही गोष्ट थोरल्याच्या कानांवर घालण्याची त्याची छाती झाली नव्हती. आईबापांमागे ज्याने वाढवले, ज्याच्या घरात आपण राहतो, त्याला पोरीची खूण कोणत्या तोंडाने समजवावी?

“लाडावून ठेवलीय नुसती,” वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाली. “उद्या डोक्यावर मिऱ्या वाटेल.”

“माफी माग,” थोरला म्हणाला. “नाहीतर न्हाणीघरात कोंडतो. तुलाही कोंडायचो की रे! बिघडलास का?”

“बिघडलो नाही, दादा. घाबरलो. आजवर तुझ्यासमोर एक वाक्य धड बोललोय का मी?”

ओरडणे थांबले तसा बिट्टीचा तळवा हळूहळू खाली आला.

“काका, तुम्ही ओरडलात ना, की मला पुसायचं सुचतच नाही. भीती वाटते.”

“ऐक! आता ही मला शिकवणार!” थोरला धाकट्याकडे वळला. “घर माझं आहे. पटत नसेल तर दार उघडं आहे.”

“जाऊ. दूध ती पुसेल. पण ‘थांबा’ म्हटल्याची माफी माझी पोर मागणार नाही. तू मला कितीही वाढवलंस तरी नाही.”

थोरल्याने आपल्या खोलीत जाऊन दार लावून घेतले.

बिट्टीने फडके आणून फरशी पुसली. मग ती बापाजवळ येऊन कुजबुजली, “बाबा, काका नेहमी दार आपटतात. आज हळू लावलं.”

“मग?”

“त्यांना वाईट वाटलंय. मी जाऊ आत?”

“त्यांनी बोलावलं तर जा.”

“मग मी बाहेर बसते.”

धाकट्याने माळ्यावरची पेटी खाली काढली आणि कपड्यांच्या घड्या घालायला घेतल्या. मधूनच त्याची नजर बाहेर जाई. बिट्टी बंद दाराला पाठ लावून, गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. दाराखालच्या फटीतून येणाऱ्या उजेडात आतल्या दोन पावलांची सावली पडली होती. ती सावली जागची हलत नव्हती.