बंद लेझरचा गुण

साहेब, तुम्ही माझ्या बहिणीला कामावरून काढलंत, कारण ती तुमच्यासाठी खोटं बोलली नाही. आणि ‘कामचुकार होती’ असं आता सांगत सुटलायत. मी गॅरेजवाला. शब्दांना पॉलिश मारायला मला जमत नाही.

इंजिन उचलताना माझ्या मांडीचा स्नायू फाटला, तेव्हा लंगडत तुमच्या हॉस्पिटलच्या फिजिओथेरपी विभागात तिच्याकडे गेलो. स्नायू कशाने लवकर भरून येतो हे ती पडताळत होती: जुन्या अल्ट्रासाउंडने की तुमच्या नव्याकोऱ्या लेझरने. प्रत्येकाला दोन्ही मशीनं लावायची, पण चालू एकच. कोणतं, हे पेशंटला कळू द्यायचं नाही. नंतर पायाची ताकद मोजणाऱ्या तिलाही नाही.

"मला लेझर लाव ना गं."

"तुला यात घेणारच नाही, दादा. तुझी ताकद मोजताना माझा हात सैल सुटेल."

"सख्ख्या भावाला नकार?"

"सख्खा आहेस म्हणूनच. जा, पलीकडच्या मॅडमकडे कण्ह."

निकाल आला. दोन्ही सारखेच. तुम्हाला तो पचला नाही. "लेझर सरस, असं लिही," म्हणालात. ती नाही म्हणाली.

मग लेझरची कमाल दाखवायला तुम्ही पाहुणे जमवलेत. मी तिथेच बाकावर पाय ताणत बसलो होतो. तुम्ही स्वतः हॉस्पिटलच्या अध्यक्षांच्या दुखऱ्या पोटरीवर लेझर धरलात.

"वा! निम्मं दुखणं गेलं की!" अध्यक्ष म्हणाले. टाळ्या पडल्या.

तुम्ही तिच्याकडे वळलात. "बघितलंस? आता तरी लिहिशील?"

"सर, मशीन अजून चालू केलेलं नाही."

कुणीतरी खोकलं. मी खो खो हसलो, मांडीत कळ गेली तरी. ती मात्र हसली नाही. अध्यक्षांना म्हणाली, "तुम्हाला बरं वाटलं ते खोटं नाही, काका. पण ते लेझरच्या नावावर मांडता येणार नाही. म्हणून तर आम्ही दोन्ही मशीनं लावत होतो."

आमचे वडील साहेबाची रिकामी गाडी गेली तरी उठून उभे राहायचे. त्यांच्या मुलीने भरल्या सभेत, आवाज न चढवता, तुमच्या डोळ्याला डोळा भिडवला. माझी छाती शर्टात मावेना.

दुसऱ्या दिवशी तुम्ही तिला घरी बसवलंत.

उद्या ती कोट घालून कामावर येणार आहे. सोबत मी असेन. त्याच अध्यक्षांसमोर सांगा, साहेब: तिने कोणतं काम चुकवलं?