दोन सेकंद आधी

रोज संध्याकाळी आठला मालिका लागायची आणि आठ वाजून चार मिनिटांनी घरात भांडण जुंपायचं. ती चार मिनिटं शांततेत जायची, कारण तेवढा वेळ सुरुवातीचं गाणं आणि जाहिराती चालायच्या.

भांडणाचं मूळ म्हणजे बाबांचं हसणं. बाबांच्या कानांनी आठ वर्षांपूर्वीच राजीनामा दिला होता. कानात यंत्र घातलं की त्यांना फक्त भांडी आपटल्याचा आवाज येई, म्हणून ते कपाटात पडून होतं. मालिका बघताना ते पडद्यावर खाली उमटणारी संवादांची अक्षरं वाचत. आईचं नेमकं उलटं. तिच्या डोळ्यांना ती अक्षरं म्हणजे मुंग्यांची रांग. ती मटार सोलत बसे आणि कानांनी मालिका बघे.

आता पडद्यावरच्या बाईने बोलायला तोंड उघडलं, की खाली अख्खं वाक्य उमटायचं. बाबा ते वाचून मांडीवर थाप मारत खदखदून हसायचे. बाई बिचारी अजून वाक्याच्या मध्यावर. तिचा विनोद तोंडाबाहेर पडे तो थेट बाबांच्या हसण्यात बुडण्यासाठीच.

"अहो, जरा दम धरा की! काय म्हणाली ती?" आई ओरडायची.

बाबांना ओरडणंही ऐकू जात नसे. ती काहीतरी विचारतेय एवढं मात्र दिसे. ते डोळे पुसत म्हणत, "झकास होतं, नाही?"

आणि या दोघांच्या मधे, सोफ्यावर, त्यांची मुलगी डोकं धरून बसलेली असे. कारण ती अक्षरं तिचीच होती. सहा वर्षं ती एका स्टुडिओत पडद्याखालच्या पट्ट्या लिहायचं काम करत होती. तिथे तिला सगळे पट्टीताईच म्हणत.

"तूच लिहितेस ना ते? मग तूच निस्तर," आई म्हणायची. "दिवसभर राबून अर्धा तास हसायला बसावं, तर तेही यांनी आधीच हसून संपवलेलं!"

एका सोमवारी तर कहर झाला. त्या भागात शेजारी तक्रार घेऊन येतो, "रात्रभर तुमचा नळ कुरकुरतो, प्लंबरला बोलवा." घरमालकीण म्हणते, "तो नळ नाही." मग ती कप उचलते, चहाचा घोट घेते, कप सावकाश खाली ठेवते आणि मग म्हणते, "मी रियाज करते." सगळी मजा त्या घोटात होती. आणि पट्टीवर दोन्ही वाक्यं एकदम! बाबा घोटाआधीच सोफ्यावरून घसरले. आईने मटारांचं ताट टेबलावर असं आदळलं, की दाणे कपाटाखालपर्यंत गेले.

दुसऱ्या दिवशी पट्टीताई तणतणत साहेबांच्या खोलीत शिरली.

"एका पात्राचं बोलणं, एक पट्टी," साहेब म्हणाले. "नियमावलीत आहे."

"नियमावली बातम्यांसाठी लिहिलीय, साहेब. विनोदाला मधे थांबू दिलं नाही तर तो मरतो."

"ज्याला ऐकूच येत नाही, त्याला कुठे थांबले ते काय कळणार?"

हे ऐकून तिचं डोकंच सणकलं. तिने तोच प्रसंग आवाज बंद करून दोन तऱ्हांनी लावला, एकदा अख्ख्या पट्टीने आणि एकदा तोडून. साहेबांच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. पण फरशी पुसायला आलेल्या मावशी दुसऱ्या वेळी फडकं हातात धरून अशा हसल्या, की साहेबांना पाय वर घ्यावे लागले. बादली लवंडली होती.

"बरं, करा तोडून," साहेब बूट झटकत म्हणाले. "पण वाढलेलं काम तुमचंच."

पंधरा दिवस ती मान मोडून बसली. प्रत्येक विनोदाचा शेवट वेगळ्या पट्टीत काढायचा आणि नेमका ओठांबरोबर सोडायचा. त्यानंतरच्या सोमवारी आठ वाजता ती सोफ्यावर बसली. पहिला विनोद आला. आई आणि बाबा एकदम हसले! आई तर इतकी खूश झाली, की तिने मूठभर सोललेले मटार बाबांपुढे धरले.

बाबांनी ते घेतले नाहीत. "हल्ली पट्टी बिघडलीय," ते कुरकुरले. "अडखळत येते."

पट्टीताईच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने बाबांना लिहून सांगायला सोफ्याजवळ ठेवलेलं पॅड ओढलं आणि ठळक अक्षरांत लिहिलं: 'मीच केलंय. आता तुम्हाला सगळ्यांबरोबर हसता येईल.'

बाबांनी दोनदा वाचलं. "सगळ्यांबरोबर कशाला?" ते म्हणाले. "आठ वर्षं तुम्ही हसता आणि मी विचारतो, काय झालं? तुम्ही म्हणता, काही नाही, सोडा. दिवसातला हा एकच अर्धा तास होता, की मला आधी कळायचं आणि तुम्ही मला विचारायचात."

तिला आधी रागच आला. पंधरा दिवसांची मेहनत, साहेबांशी वाकडं, आणि वर हे! मग तिला ते 'सोडा' आठवलं. ते बहुतेक वेळा तिनेच म्हटलेलं होतं.

पट्ट्या काही तिने परत जोडल्या नाहीत. ते काम बरोबरच झालं होतं. पण रविवारी मामा-मामी जेवायला आले. आई वाढता वाढता बँकेचा किस्सा सांगू लागली. लेकीने तो सकाळीच स्वयंपाकघरात ऐकला होता.

"उन्हात ही एवढी रांग," आई म्हणाली. "मी आपली मुकाट उभी राहिले..."

मामा-मामी कान देऊन ऐकत होते. बाबा ताटात बघत होते. पट्टीताईने मांडीवर पॅड घेऊन खरडलं आणि टेबलाखालून सरकवलं: 'रांग बसची होती. आई पासबुक घेऊन बसमध्ये चढली.'

बाबांच्या तोंडातून पाण्याचा फवारा उडाला.

"अहो, अजून बँक उघडलीसुद्धा नाही! हसताय काय?" आई ओरडली.

"काय झालं, भाऊजी?" मामाने बाबांचा दंड हलवून विचारलं. "आम्हालाही सांगा की!"

बाबांनी रुबाबात मान हलवली. "ऐका ना, कळेल पुढे."

आईची नजर पॅडवर गेली, मग लेकीवर. "तूसुद्धा?" ती म्हणाली. डाव हातात धरून ती मिनिटभर फुरंगटून उभी राहिली. पण मामा-मामी वाट बघत होते आणि किस्सा अर्धाच झाला होता. शेवटी बाबांकडे पाठ करून तिने तो पुढे चालू केला.