उलटी फेरी

जाखडी म्हणजे मधोमध मृदुंगवाला आणि गाणारे बसतात, भोवती बाकीचे गोल नाचतात, प्रत्येकाच्या एकाच पायात घुंगरांचा चाळ. रत्नागिरीत हे कुणाला सांगावं लागत नाही. स्नेहसंमेलनात सहावीची जाखडी ठरली. शमिका सहावीत आहे. म्हणजे शमिका जाखडीत. इतकं सोपं आहे ते, आणि

"योगिनी मॅडम, तिला मध्ये बसवू," मुख्याध्यापिका सुर्वेबाई म्हणाल्या. "मानाची जागा. हातात टाळ देऊ."

हातात.

शमिकाचे हात जन्मापासून तिचं ऐकत नाहीत. मी या शाळेत विशेष शिक्षिका म्हणून येते ती हेच सांगायला. तिचा डावा पाय ऐकतो. टाच जमिनीला लावून ती चाकाची खुर्ची रेटते. पुढे नाही, मागे. मान वळवून बघत, कुठेही न आपटता, वर्गभर. त्यासाठी खुर्चीच्या पाय ठेवायच्या पट्ट्या काढाव्या लागतात. मी काढते.

सकाळी लावलेल्या असतात.

काढते.

लावलेल्या. वर पायांना पट्टाही.

"पाय लोंबतात ना, बरं दिसत नाय," शिपाई शिवा म्हणतो. मी समजावते. तो मान डोलावतो. सकाळी लावलेल्या असतात.

तालीम. शमिका मधोमध. टाळ पडला. उचलून दिला. पडला. नाचणाऱ्या मुली तिच्याकडे बघून गोड हसतात. देवळात हसावं तसं.

"शमिका, तुला काय करायचंय?"

तिचं बोलणं यायला वेळ लागतो.

"तिला चालेल हो," सुर्वेबाई.

"फि... रा... यचंय."

"फिरवू हं बाळा. अक्षया ढकलेल."

"मी."

तिची आई सगुणा दारात उभी होती. मांडवीहून मासळीची पाटी रिकामी करून थेट आलेली. "मॅडम, पडली तर? लोक मलाच बोलतील."

"घरी फिरते ना?"

"घरी? घरी माझ्या पायावर चाक घालते मेली." ती हसली. मग पदराला हात पुसून तिनेच लेकीच्या डाव्या पायात चाळ बांधला.

शमिका मधून उठून फेरीत आली, खुर्चीसकट. आता सुर्वेबाईंचा नवा प्रश्न. सगळ्यांची तोंडं पुढे आणि ही एकटी उलटी. कसं दिसेल?

"मग सगळ्यांना उलटं फिरवू."

"चेष्टा नको, मॅडम."

मी चेष्टा करत नव्हते. पण प्रश्न सोडवला अक्षयाने. ती शमिकाच्या मागच्या जागेवर, म्हणजे दोघी समोरासमोर. "बाई, ही सारखी माझ्याकडे बघते. मग मी हिला सवाल टाकू?" जाखडीत सवाल-जवाब असतातच. अक्षया पाय आपटून सवाल टाकायची, शमिका टाचेने परतवायची. जवाब उशिरा यायचा. अक्षया कमरेवर हात ठेवून, "काय गो, झोपलीस?" गोड हसणं बंद झालं. आता मुली खरं हसायच्या.

संमेलन. पहिली फेरी झाली. दुसरी अर्धी झाली, आणि

प्रमुख पाहुणे डोळे पुसत मंचावर चढले. मुलगी उलटी चालली आहे, हे त्यांना बघवलं नाही. त्यांनी खुर्चीच्या मुठी धरल्या, खुर्ची सरळ केली आणि प्रेमाने पुढे ढकलू लागले.

सभागृहात टाळ्या.

शमिकाने टाच रोवली. खुर्ची हलेना. मागच्या मुली एकमेकींवर आदळल्या.

"चल बाळा, घाबरू नको," पाहुणे.

"सो..."

टाळ्या वाढल्या. मी मंचावर गेले आणि पाहुण्यांच्या मनगटावर हात ठेवला. "ती बोलतेय. थांबा जरा."

"... डा."

त्यांनी सोडलं. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना. टाळ्या हळूहळू विरल्या. शमिकाने खुर्ची स्वतः वळवायला घेतली. वेळ लागला. कुणी मदत केली नाही. मदतीला निघालेल्या दोघींना तर अक्षयाने हाताला धरून मागे ओढलं.

खुर्ची वळली. शमिका मला म्हणाली, "पहि... ल्यापासून."

"अहो, बक्षीस समारंभ राहिलाय," पडद्याआडून सुर्वेबाई.

"राहू दे," मी म्हणाले आणि मृदुंगवाल्याला खूण केली.