उलटा खांब

"काका, पट्ट्या तिरप्या मारा, फुलीसारख्या. जर्मन असंच करायचे," अल्पेशने खालून हुकूम सोडला.

शिडीवरच्या काळूरामने दातांत धरलेला खिळा काढला नाही, नाहीतर तोंडातून भलतंच काही निघालं असतं. सिमेंटच्या भिंतीवर प्लायवूडच्या काळ्या पट्ट्या ठोकायच्या आणि दारावर 'जर्मन वसाहतकऱ्यांचं घर, १८४२' अशी पितळी पाटी लावायची! वटार गावात जर्मन कधी आले, हे वटारकरांनाही ठाऊक नव्हतं. अल्पेशला मात्र रिसॉर्ट बांधायला घेतल्यावर ते बरोबर कळलं होतं. एकही खिळा न मारता, लाकडात लाकूड बसवून घरं उभी केलेल्या गास गावच्या या सुताराला आपल्या हातांचीच किळस आली.

दुपारी तो ओसरीत टेकला आणि खांबाच्या पायथ्याशी त्याची नजर थबकली. सगळ्या घरात खरं लाकूड तेवढंच. निर्मळ गावातलं एक जुनं घर पाडलं, तिथून उचललेलं. त्यावर पटाशीने कोरलेल्या तीन रेघा आणि चंद्रकोर होती. काळूरामच्या बापाची खूण. कुठली तुळई कुठल्या खांबावर चढवायची ते कळावं म्हणून तो दोघांच्या सांध्यापाशी ती कोरायचा. म्हणजे खूण वर हवी होती. इथे ती जमिनीलगत होती, आणि चंद्रकोर पालथी.

"शेट, खांब उलटा हाय. बुडखा वर गेलाय," काळूराम म्हणाला. "झाड उभं राहतं तसाच खांब लावतात. उलटा लावला तर सुताराला शिव्या बसतात. माझ्या बापाशीचं काम हाय ते. मी टेकू देऊन सरल करतो, मजुरी नको."

"छत उचकटू? सोडा ना काका, कोणाला कळतंय! गेस्ट त्या खुणेचेच फोटो काढतात. मी सांगतो, जर्मन कारागिराची सही. तुम्ही असं करा, तीच सही सगळ्या पट्ट्यांवर कोरून टाका."

"प्लायवर?"

काळूरामने त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि हत्यारं पिशवीत भरली. "उरलेल्या पट्ट्या तुज्या जर्मनाला सांग मारायला."

जाताना मात्र त्याचा पाय निघेना. फरशीवर तो उताणा झोपला, डोकं खांबाच्या पायाशी ठेवून, आणि नजर मागे वळवली. आता चंद्रकोर सरळ दिसत होती.

नुकतेच उतरलेले पाहुणे हसत त्याचे फोटो काढू लागले. काळूराम बराच वेळ उठला नाही.