शिखरावरून उतरणाऱ्या तीन वाटा

शिशिर बेपत्ता झाल्याच्या तिसऱ्या दुपारी ग्रीसमधल्या बचाव पथकाच्या प्रमुखाचा आम्हाला रायपूरला फोन आला. ढग पुन्हा उतरत होते. हेलिकॉप्टरची आणखी एकच फेरी शक्य होती, आणि ती कोणत्या बाजूला न्यावी हे ठरवायचे होते.

शिशिर ज्या बेटावर फिरायला गेला होता, तिथल्या डोंगराच्या शिखरावरून तीन वाटा उतरतात. पूर्वेची पाइनच्या जंगलातून गावात जाते. माझा मुलगा तिनेच चढला होता आणि ती शोधून झाली होती. पश्चिमेची रुंद, वनखात्याच्या गाड्यांची. दक्षिणेची वणव्यानंतर बंद केलेली. ती एका खोल घळीच्या काठाशी संपते. ढगात सापडलेला माणूस रुंद रस्ता धरतो, असे प्रमुखाचे मत होते. माझेही.

शिशिरने पाठवलेला शेवटचा फोटो शिखरावरचा होता: दाट ढग, आणि त्यात एक लहान, चौकोनी, पांढरे चर्च.

माझी बायको विनोदिनी तो फोटो पुन्हा पाहत होती. "त्यानं प्रदक्षिणा घातली असन," ती म्हणाली.

"चर्चले?"

"देवाचंच घर आहे ना? ढगात चारी भिंती सारख्या. फिरला असन, अन् आलेली वाट समजून भलत्याच कोपऱ्यातून, त्या दक्षिणेच्या वाटेनं उतरला असन."

"तो देव मानत नाही."

"तुमच्यासमोर नाही मानत. सिलतऱ्याच्या तुमच्या लॅबच्या दाराले लिंबू-मिरची कोण बांधते, ते तरी माहीत आहे का तुमाले?"

मी ऋताकडे, धाकटीकडे, पाहिले.

"पापा, भैया परिक्रमा करते हैं," ती म्हणाली. "हर मंदिर में. आपको बताने से मना किया था."

हा पुरावा नव्हता. सवय म्हणजे कृती नव्हे, आणि कृतीवरून दिशा सिद्ध होत नाही. पण पश्चिमेच्या बाजूनेही माझ्याजवळ पुरावा नव्हता. माझा मुलगा मला ठाऊक आहे, एवढेच गृहीतक होते, आणि ते नुकतेच कोसळले होते.

मी प्रमुखाला सारे सांगितले.

"त्या घळीत वारा फार वाईट आहे," तो म्हणाला. "माझी माणसे त्यात उतरतील. तुम्ही शास्त्रज्ञ आहात. शक्यता किती, ते सांगा."

प्रामाणिक उत्तर होते: सांगता येत नाही. ते दिले असते, तर हेलिकॉप्टर पश्चिमेला गेले असते.

"नव्वद टक्के," मी म्हणालो.

"ठीक. दक्षिण." फोन बंद झाला.

विनोदिनीने माझा दंड धरला. "खरंच इतकी?"

"हव," मी म्हणालो.